सर गेले. लातूरकर, आठवणी पाठवा

मंडळी, नमस्कार.

मानसशास्त्राचे आपले सर परवा पहाटे लातूरला गेले. वय झालं होतं. शेवटी त्रास झाला नाही, असं ताई फोनवर म्हणाल्या. रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये त्यांच्यासाठी जमू या.

बी.ए.ला मी त्यांच्याकडे होतो. आरशात बघून चांदणी गिरवायचा प्रयोग अजून डोळ्यांपुढे आहे. हात पडद्याआड, नजर आरशात, पेन्सिल दुहेरी रेघेच्या मधून न्यायची. आणि ती भलतीकडेच पळायची. उजव्या हाताला सराव दिला की डावाही सुधारतो, हे सर तोंडी सांगत नसत. आमच्याच जर्नलांमधले आकडे फळ्यावर मांडत आणि आम्हाला म्हणत, "आता तुम्हीच सांगा, काय दिसायलंय?"

मग ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. जवळपास दहा हजार माणसं गेली. सर आम्हाला औसा तालुक्यात घेऊन निघाले. टेम्पोत त्यांनी बजावलं, "काय झालं, कसं झालं, कुणालाही विचारायचं नाही. शेजारी बसा. सांगितलं तर ऐका. जेवलात का, कुणाला शोधताय का, एवढंच विचारा." एक आजी पत्र्याच्या शेडबाहेर नुसत्या बसून होत्या. सर त्यांच्याजवळ सुपात ज्वारी घेऊन निवडत बसले. दुपार सरली तेव्हा आजींनी नातवाचं नाव घेतलं. सरांनी लगेच मला दवाखान्यातली यादी बघायला पिटाळलं.

कुणाकडे तेव्हाचे फोटो असतील तर नक्की पाठवा.

उत्तर:

दादा, वाचून भरून आलं.

मी तुमच्या बरीच नंतरची. आता इथल्या रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ आहे. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपत्तीतल्या मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका काढली. तिच्यात हेच आहे: माणसाला बोलायला भाग पाडू नका, गरज विचारा, ऐका, आपल्या माणसांशी गाठ घालून द्या. आमच्या प्रशिक्षणात ती पानं आली तेव्हा मला सरांचाच आवाज ऐकू आला.

मला मात्र सर आठवतात ते बारावीच्या निकालाच्या दिवशी. लातूर पॅटर्नचं कौतुक सगळ्यांनी केलं, पण ट्यूशन एरियात खोली घेऊन राहणाऱ्या, मार्क कमी पडलेल्या पोरांचं काय? ती घरी जायला घाबरायची. सरांचं दार दिवसभर उघडं असायचं. काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्या दिवशी रजा काढून भाकरी थापत बसायच्या. आधी जेवण, मग वडिलांना फोन सर स्वतः लावायचे. "पोरगं माझ्याकडं आहे, जेवलंय. मार्कांचं उद्या बोलू." बाहेरगावच्या आम्हा मुलींना वेळ अमावस्येला शेतात नेऊन आंबील-भज्जी खाऊ घालणाऱ्याही काकूच. सरांच्या कामात अर्धा वाटा त्यांचा होता, हे रविवारी कुणीतरी मोठ्याने बोललं पाहिजे. नसेल कुणी तर मी बोलेन.

उत्तर:

ताई, तुम्हीच बोला.

सरांच्या नावाने बारावीतल्या गुणवंतांना पुरस्कार द्यावा, असं समितीत सुचवलं गेलंय. माझा विरोध आहे. पहिल्या आलेल्याला हार घालायला लातुरात माणसं कमी नाहीत. तोच पैसा निकालाच्या आठवड्यात पोरांशी बोलायला बसणाऱ्या माणसांवर खर्च करू. शिवाय १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर मराठीतही चालतो, फुकट आहे. तो ट्यूशन एरियातल्या प्रत्येक खोलीच्या दारावर लागला पाहिजे. छपाईचं मी बघतो.

आणि एक विनंती. काकूंना फोन आत्ता लगेच करू नका, घर पाहुण्यांनी भरलंय. तेराव्यानंतर करा. पाळी ठरवून घेऊ, म्हणजे सगळ्यांचे फोन एकाच दिवशी जाणार नाहीत.