एडिटिंग नको म्हणजे नक्की काय नको?

लालदिवा:
आमच्या क्लबच्या स्पर्धेत यंदा अट आहे, ‘कॅमेऱ्यातून निघाला तसाच फोटो द्या.’ परीक्षक जुने डार्करूमवाले! एन्लार्जरखाली (निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायचं यंत्र) हात हलवत डॉजिंग-बर्निंग, म्हणजे प्रिंटचा एखादा भाग उजळ किंवा गडद करण्यात यांचं आयुष्य गेलं. आणि कॅमेऱ्यातला जेपेग तरी कोरा कुठे असतो? रंग, कॉन्ट्रास्ट, शार्पनेस कॅमेऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. मी रॉवर, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाईलवर, तेच काम केलं की पाप?

रानवाट:
अट मला पटते. आमच्याकडे नीलकंठ विजेच्या तारेवर बसतो. एकाने तार पुसून खाली फांदी चिकटवली, वर बक्षीसही घेतलं. डार्करूममध्ये एवढं सोपं नव्हतं.

लालदिवा:
फांदी मलाही अमान्य. पण उजेड कमीजास्त करणं वेगळं आणि वस्तू हलवणं वेगळं. रेषा तिथे आखा की.

हायपो:
ती रेषा टिकत नाही, लालदिवा. अमेरिकन निसर्गछायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचा १९४१ चा ‘मूनराइज, हर्नांडेझ’ घ्या, एका खेड्यावर उगवलेल्या चंद्राचा फोटो. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेल्या साध्या काँटॅक्ट प्रिंटमध्ये आभाळ फिकट आहे, वर ढगांचे पट्टे आहेत. पुढच्या प्रिंटांत बर्निंग करून करून आभाळ काळं केलं, ढग गेले. १९४८ मध्ये तर त्याने निगेटिव्हचा खालचा भागही रसायनाने गडद करून घेतला, म्हणजे प्रिंटमध्ये तो उजळ यावा. हलवला फक्त उजेड, तरी ढग पुसलेच ना?

उलट अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँगचा १९३६ चा ‘मायग्रंट मदर’, मुलांसह तंबूत बसलेल्या एका गरीब स्थलांतरित आईचा फोटो. कडेला तंबूच्या खांबावर आलेला अंगठा तिने नंतर निगेटिव्हवर रिटच केला. वस्तू गेली, पण त्या बाईच्या चेहऱ्यावरची काळजी तसूभर हलली नाही.

आणि रानवाट, ‘सोपं नव्हतं’ म्हणता? काकांच्या स्टुडिओत टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हवर मुलींच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण भरायचे. स्थळांकडे जाणारे फोटो होते ते!

रानवाट:
पेन्सिलीवर निरुत्तर :) पण म्हणूनच फोटो कशासाठी, ते आधी सांगावं. २०१६ मध्ये ‘अफगाण गर्ल’वाल्या नामवंत छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरीच्या क्यूबातल्या फोटोत खांबाचा तुकडा भलतीकडे दिसला, मग इतरही फेरफार सापडले. तेव्हा तो म्हणाला, मी आता व्हिज्युअल स्टोरीटेलर (चित्रांतून गोष्ट सांगणारा) आहे. हे पकडले जाण्याआधी म्हणायचं होतं. भिंतीवर लावायच्या चंद्राच्या फोटोत आभाळ हवं तेवढं काळं करा, माझी तक्रार नाही. पक्ष्याचा फोटो मात्र मी नोंद म्हणून बघतो, तार त्याचा अधिवास आहे.

लालदिवा:
हे मान्य. प्रिंटसोबत रॉ फाईलही देतोय. घेतली नाही तर प्रवेश फीचे ३०० रुपये गेले.