पीएनएच: सलाईनच चालू ठेवू की गोळीवर जाऊ?

न्यूजर्सीची_सून: नमस्कार मंडळी, नवऱ्याला पीएनएच आहे (लाल पेशी रक्तातच फुटतात तो आजार), दर दोन आठवड्यांनी इक्युलिझुमॅब चढवतात. सकाळची कोकसारखी काळी लघवी थांबली पण हिमोग्लोबिन ८.५ च्या वर सरकतच नाही, एक जिना चढला की धाप. डॉक्टर म्हणतात रॅव्ह्युलिझुमॅब घ्या नाहीतर आयप्टाकोपॅनची गोळी. कुणी बदललंय का?

लाल_पेशी: रॅव्ह्युलिझुमॅब आठ आठवड्यांनी असतं त्यामुळे हेलपाटे वाचतात, पण अडवतं तेही सी५ लाच (पेशी फोडणारं, प्रतिकारशक्तीतलं एक प्रथिन), म्हणजे हिमोग्लोबिन त्याने फारसं वाढेल असं नाही. पेशी नसेत फुटायच्या थांबतात पण वाचलेल्यांवर त्याच साखळीतलं सी३ प्रथिन चिकटतं आणि मग प्लीहा-लिव्हर त्यांना गिळतात. रेटिक (रक्तातल्या नव्या, कच्च्या लाल पेशी) किती आहे?

न्यूजर्सीची_सून: रेटिक वाढलेलंच आहे, बिलिरुबिन (पेशी तुटल्या की वाढतं ते) पण.

चहाबाज: मग माझीच केस. आधी पेगसेटाकोप्लान घेत होतो, ते सी३ ला धरतं, आठवड्यातून दोनदा पोटावर सुई लावून पंप अडकवून बसायचं, कंटाळलो बुवा. अमेरिकेत डिसेंबर २०२३ ला आयप्टाकोपॅन मंजूर झालं, आता २०० ची कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ घेतो. पण विसरायचं नाही हं, डोस चुकले तर पेशी धडाधड फुटू शकतात, मी मोबाईलला दोन अलार्म लावलेत आणि तरी बायको विचारतेच.

लाल_पेशी: आणि या औषधांनी जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून मेनिंगोकॉकल (मेंदूज्वराची), न्यूमोकॉकल (न्यूमोनियाची) या लशींचं आधी बघा. ताप आला तर क्रोसिन घेऊन घरी बसू नका, सरळ इमर्जन्सी.

न्यूजर्सीची_सून: लशींचं कार्ड शोधते, बहुतेक पासपोर्टच्या पाकिटात आहे.