प्रतिसाद: दगडी पूल, पाया आणि पिंपळ

वर कुणीतरी लिहिलंय, "ब्रिटिशांचे दगडी पूल शंभर वर्षं हलत नाहीत, आपले पाच वर्षांत खचतात." अर्धं पटलं. महाडचा सावित्रीवरचा पूलही ब्रिटिशकालीन दगडी कमानींचाच होता. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री तो पुरात गेला, दोन एसटी बस घेऊन. शेजारचा नवा पूल उभाच राहिला!

दगड दाब सहज सोसतो, ताण सोसत नाही. कमानीत सगळं वजन दाब होऊनच दगडादगडांतून खांबांकडे उतरतं, म्हणून लोखंडाची सळई नसतानाही ती टिकते. पण एक खांब जरा खचला की कमान उघडते. पुराचं पाणी खांबाभोवती भोवरे करून पायाखालची माती खरवडतं, आणि ते वरून, रस्त्यावरून, दिसत नाही. वाळूउपशाने पात्र खोल झालं असेल तर बघायलाच नको.

म्हणून अशा पुलाखाली उतरून बघा. प्रवाहाच्या बाजूने खांबाला नावेच्या पुढच्या निमुळत्या भागासारखं टोक काढलेलं असतं, पाणी दुभंगावं म्हणून. वारसा म्हणायचा तर तो हा. आमच्या गावच्या पुलावर त्याच टोकाच्या सांध्यात हातभर पिंपळ उगवलाय. दरवर्षी वरवर छाटतात, मूळ तसंच. आणि चुन्याच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने बुजवून ठेवल्यात. चुना थोडी हालचाल सोसतो, ओल बाहेर सोडतो. सिमेंट कडक, त्यामुळे कडेचा दगडच फुटतो.

रंगरंगोटी आणि दिव्यांच्या माळा नंतर. आधी पाणबुडे उतरवून पाया तपासा.