मदत हवी आहे : मालमत्ता करातून चालणारे मानसिक आरोग्य मंडळ आणि मराठी समुपदेशन

सप्रेम नमस्कार. अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या कायद्यानुसार, मतदारांनी सार्वमताने मंजुरी दिल्यास काउंटीला (जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) किंवा टाउनशिपला (काउंटीतील लहान विभाग) मालमत्तेच्या करपात्र मूल्यावर कमाल ०.१५ टक्के स्वतंत्र कर लावून सामुदायिक मानसिक आरोग्य मंडळ चालवता येते, आणि त्या करातून मंडळ स्थानिक सेवाभावी संस्थांना अनुदान देते. आमच्या विल काउंटीने नोव्हेंबर २०२२ मध्ये असा कौल दिला. मुलांकडे राहायला आलेल्या आपल्या ज्येष्ठांना मनातले दुःख इंग्रजीत मांडता येत नाही. त्यांच्यासाठी मराठीतून समुपदेशन सुरू व्हावे, अशी माझी कळकळीची इच्छा आहे. अशा अनुदानासाठी नव्या, लहान संस्थेने स्वतंत्र अर्ज करावा, की आधीपासून सेवा देणाऱ्या संस्थेबरोबर जावे? ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे, त्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.