पाचवा महिना आणि जीन्स: कुठली घेऊ, कशी घेऊ?

अबोली_कोथरूड

नमस्कार मंडळी, पहिलाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मला विसावा आठवडा चालू आहे. घर कोथरूडला, ऑफिस हिंजवडीला, म्हणजे कॅबमध्ये जाऊन-येऊन रोजचे तीन तास नुसतं बसणं. आत्तापर्यंत जुन्या जीन्सच्या काजातून रबरबँड घालून तो बटणाला अडकवायचा आणि वरून लांब टॉप, असा जुगाड चालला होता. परवा कॅबमधून उतरताना रबर टप्पदिशी तुटला, चेन सरसर खाली, आणि मी लॅपटॉपची बॅग पोटाशी कवटाळून सातव्या मजल्यापर्यंत लिफ्टमध्ये एका जागी पुतळ्यासारखी उभी. वर गेल्यावर मैत्रिणीने कागदाला लावायची काळी बाइंडर क्लिप लावून दिली, ती दिवसभर टोचत होती ते वेगळंच.

मग ऑनलाइन एक मॅटर्निटी जीन्स मागवली. माझा साइज एरवी ३०, म्हटलं पोट वाढणारच आहे तर ३४ घेऊ. पोटावर छान बसली हो, पण सीटला आणि मांडीला नुसतं गोणपाट, गुडघ्यापाशी फुगे, आणि वरचा तो कापडी पट्टा दर दहा पावलांनी खाली घसरतो. आरशात बघितलं तर पोट वेगळी उशी बांधल्यासारखं दिसत होतं. परत पाठवली.

तर प्रश्न असे की साइज नक्की कुठला घ्यायचा, पोटावरून जाणारी बरी की पोटाखाली राहणारी, आणि तीन-चार महिन्यांसाठी दोन-अडीच हजार घालवावेत का? सुट्टी मला होईल तेवढी बाळ झाल्यावरच वापरायचीय (२६ आठवडे मिळतात, त्यातले ८ आधी घेता येतात पण मला नकोत), म्हणजे तब्येत साथ देईल तोवर, ३६-३७ आठवड्यांपर्यंत ऑफिस. आणि हो, जरा बरी दिसायला हवी. तंबू नकोय.

केतकी_दोघांची_आई

अबोली, अभिनंदन गं! आणि चूक अगदी तीच केलीस जी मी पहिल्या वेळी केली होती. मॅटर्निटी जीन्स आपल्या एरवीच्याच साइजची घ्यायची असते, तुझी ३० तर ३०च. पोटाची जागा त्यांनी आधीच धरलेली असते. दोन साइज मोठी घेतली की पोट बसतं आणि बाकी सगळं लोंबतं, आणि बैठक सैल झाली की पट्टा खाली ओढला जाणारच, त्याला धरायला काही उरतच नाही. वजन जास्त वाढलं असेल किंवा नितंब खूप रुंदावले असतील (होतात गं, सगळंच सैलावतं) तर एक साइज वर जा, त्याच्या पुढे नको.

पोटावरून की खालून, हे जरा बसण्यावर आहे. खालून राहणारीला बेंबीच्या खूप खाली रुंद इलॅस्टिक असतं, दिसायला साध्या जीन्ससारखी, उकाड्यात बरी वाटते, पण तुझ्यासारखं तासन् तास कॅबमध्ये बसायचं असेल तर बसल्यावर ते इलॅस्टिक वळकटी होऊन जांघेत रुततं. मला सहाव्यानंतर अजिबात सहन झालं नाही. पोटावरून जाणाऱ्या पट्ट्याची एकच अट, तो सुती होजियरीचा हवा. चकचकीत नायलॉनचा असेल तर आत घाम आणि खाज. तिसरा एक प्रकार म्हणजे दोन्ही बाजूंना खिशांच्या आत इलॅस्टिक असतं ती, ती पाचव्या-सहाव्यापर्यंत ठीक.

आतली पट्टी वाचून घे. ९८ टक्के कॉटन आणि २ टक्के इलास्टेन असं काहीतरी असेल तर कापडाला जीव असतो, संध्याकाळी गुडघ्याला फुगे कमी येतात. पॉलिएस्टर भरमसाठ असलेलं जेगिंग स्वस्त मिळतं पण आपलं अंग या दिवसांत एरवीपेक्षा तापलेलंच असतं, त्यात ते नको.

दिसण्याचं म्हणशील तर गडद निळी, सरळ किंवा खाली किंचित बूटकट. वर एवढं पोट आणि खाली काडीसारखी स्किनी म्हणजे भोवरा दिसतो. मांडीवर पांढरट घासलेले डाग असलेली नको. आणि मागे खरे खिसे असलेलीच घे, पैसे वाचवायला नुसती शिलाई मारून खिशाचा आभास करतात, त्यात मागची बाजू सपाट पाट दिसते. हे माझं ठाम मत आहे, वाद घालायला या.

ट्रायल रूममध्ये नुसतं उभं राहून बघू नकोस. स्टुलावर बस, वाकून चपलेचा बंद लाव, पुन्हा उठ. उठल्यावर दोन्ही हातांनी वर ओढावी लागली तर ठेवून दे.

तिखटमीठ

मला खरंच कळत नाही, एवढा आटापिटा जीन्ससाठी कशाला? मी नागपूरची, दोन्ही वेळा पोटात बाळ घेऊन मे महिना काढलाय. नाडीची सुती सलवार घाला, पोट वाढेल तशी नाडी सोडा. आपल्या आज्यांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय, फुकटात.

अबोली_कोथरूड

@तिखटमीठ, सलवारी आहेत गं पाच-सहा, आणि घरी त्याच असतात. पण आमच्या फ्लोअरवरचा एसी म्हणजे महाबळेश्वर, पातळ सलवारीत पाय गारठतात. आणि खिसे! फोन, आयकार्ड, जेलुसिलची स्ट्रिप, सगळं हातात धरून फिरू का मी?

@केतकी, ३०च घ्यायची हे ऐकून डोक्यावर हात मारला. एच अँड एमचं 'मामा' (म्हणजे मॅटर्निटी) कलेक्शन आणि फर्स्टक्राय दोन्ही बघतेय. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच, जीन्सने बाळ दबतं म्हणे.

सांधेदुखी

मी फिजिओ आहे म्हणून लिहिते. सासूबाईंना सांगा, बाळ पाण्याच्या पिशवीत आणि गर्भाशयाच्या जाड भिंतीआड असतं, पँटच्या पट्ट्याने दबत नाही. दबते ती आई. जठर आधीच वर ढकललं गेलेलं असतं, विसाव्या आठवड्याला गर्भाशयाचा वरचा काठ साधारण बेंबीपाशी येतो, त्यात कमरेला घट्ट काही असलं की जळजळ वाढते. जेलुसिल खिशात आहे म्हणताय तर आधी ती बाइंडर क्लिप फेका.

दुसरं म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येणं, चटका बसल्यासारखं किंवा बधिर वाटणं. त्या भागाची संवेदना आणणारी एक नस जांघेजवळून जाते, वाढतं पोट आणि खाली रुतणारं इलॅस्टिक दोन्ही मिळून ती दाबतात. माझ्याकडे अशा बायका येतात, त्यांना वाटतं कंबरेतून काही निघालंय. बऱ्याच जणींना नुसतं कपडे सैल केल्यावर आराम पडतो. घरी आल्यावर पोटावर लाल खोल वळ दिसत असेल तर ती पँट तुमची नाही, मग ती कितीही छान दिसो. कॅबमध्ये तासाभराने पावलं वर-खाली हलवत जा. आणि एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली तर कपड्यांना दोष देत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

उसवण

कुणी शिवण्याचं बोललंच नाही अजून! माझी आई तीस वर्षं घरी शिवणकाम करतेय, मी तिच्या मशीनखाली वाढले, तर ऐक. ती रबर लावलेली जुनी जीन्स टाकू नकोस, मांडीला आणि बैठकीला ती तुला व्यवस्थित बसतेय ना, मग अर्धं काम झालेलं आहे.

सोपा प्रकार: दोन्ही बाजूंच्या शिवणी बेल्टपासून खाली सहा-सात इंच उसवायच्या आणि तिथे रिबच्या (ताणलं जाणारं होजियरी कापड) त्रिकोणी कळ्या लावायच्या, वर साधारण चार इंच रुंद. पुढचं बटण, चेन, खिसे सगळं राहतं. बाळ झाल्यावर कळ्या काढून शिवण पुन्हा मारता येते, म्हणजे जीन्स मरत नाही.

दुसरा प्रकार पूर्ण पोटावरचा. जीन्स घालून उभी राहा, कुणाकडून तरी पोटाच्या खालच्या रेषेने खडूने खूण करून घे, पुढे खोल आणि बाजूंना वर चढत जाणारी. त्या रेषेवर कापायचं, पण त्याच्या आधी, आधी म्हणजे आधीच, चेन वर ओढून खुणेच्या खाली जाड दोऱ्याने पाच-सहा टाके घालून ती बंद करायची. नाहीतर कापल्यावर चेनचा रनर निघून हातात येतो आणि खालचे पितळी दात उघडे पडतात, कुठे ते सांगायला नको. मग दुहेरी होजियरीचा पट्टा, तो कापलेल्या घेरापेक्षा थोडा कमी मापाचा, ताणत ताणत जोडायचा. झिगझॅग किंवा ओव्हरलॉकच. सरळ टीप घातली तर पहिल्याच वाकण्यात तटातट तुटते. सुई १६ नंबरची, आणि खिशाच्या कोपऱ्यातल्या तांब्याच्या रिव्हेटवरून मशीन नेऊ नकोस, सुई मोडून डोळ्याकडे उडते. आईच्या कपाळावर एक खूण आहे त्याची.

पट्ट्याच्या वरच्या नेफ्यात काजं असलेलं इलॅस्टिक घाल, लहान मुलांच्या पँटमध्ये असतं ते. आत एक बटण लावायचं आणि पोट वाढेल तसं एकेक काज पुढे. तिखटमीठ यांची नाडीच आहे ही, फक्त मॉडर्न. रविवार पेठेत किंवा तुळशीबागेत लेस-इलॅस्टिकवाल्यांकडे मीटरवर मिळतं.

तिखटमीठ

बघा, शेवटी नाडीवरच आलात 😄

परदेशी_पोळी

इकडे न्यू जर्सीत आमच्या मराठी बायकांच्या ग्रुपमध्ये एक जीन्स फिरतेय. कुणी पहिल्यांदा घेतली ते आठवतही नाही. माझ्याकडे आली तेव्हा खिशाच्या आतल्या पांढऱ्या अस्तरावर बॉलपेनने ओळीने लिहिलेलं होतं, मार्च, ऑगस्ट, जानेवारी (जुळे!). मी माझा नोव्हेंबर लिहून पुढे दिली. जुळ्यांच्या खेपेनंतर पट्टा जरा ढिला पडलाय म्हणा, पण धुऊन धुऊन कापड इतकं मऊ झालंय की नवीला ती सर नाही. तर आधी मैत्रिणींना विचार, ही गोष्ट चार महिने वापरून सगळ्यांच्या कपाटात वरच्या कप्प्यात पडलेली असते.

आणि नवी घ्यायचीच तर पोटावरून जाणारीच घे, याचं कारण नंतर कळतं. माझं सिझर झालं. टाके बरोब्बर जिथे साध्या जीन्सचा बेल्ट येतो तिथे. दीड महिना मी तीच मॅटर्निटी जीन्स पट्टा पोटावर ओढून घालत होते. बाळ झालं की दुसऱ्या दिवशी जुन्या कपड्यांत शिरू असं वाटतं ना, विसर. त्यामुळे ते अडीच हजार चार महिन्यांचे नाहीत, सहा-सातांचे धर.

गोंधळलेला_बाबा

मध्येच बोलतो, माफ करा. बायकोला सरप्राइज म्हणून घेणार होतो. साइज कसा कळेल?

केतकी_दोघांची_आई

दादा, सरप्राइज देऊ नका. पैसे द्या आणि ट्रायल रूमबाहेर तिची पर्स धरून उभे राहा.

अबोली_कोथरूड

मंडळी, अपडेट द्यायला आले. नवी एक घेतली, ३०चीच, पोटावरून जाणारी, गडद निळी, मागे खरे खिसे. दुकानात स्टुलावर बसून चपलेचा बंद लावून दाखवला, ती मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. दोन दिवस ऑफिसला घातली, एकदाही वर ओढावी लागली नाही. फक्त लांबी चार बोटं जास्त आहे, ती दुमडून घालतेय. कुर्ता मात्र पोटामुळे पुढून वर चढतो आणि पट्ट्याची कड दिसते, त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.

आणि रबरवाली जुनी घेऊन आमच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या टेलरकाकांकडे गेले. मशीनवर मान खाली घालून बसलेले, मी संकोचत संकोचत कळ्यांचं सांगितलं, तर त्यांनी वर न बघता विचारलं, "डेट कधीची आहे ताई?" म्हटलं साडेचार महिने आहेत. तर टेप घेऊन माझ्या हातात दिला, स्वतः नाही लावला, म्हणाले तुम्हीच पोटाचा घेर घेऊन सांगा. आकडा वहीत लिहिला आणि उसवण म्हणाली तेवढ्या चार इंचांऐवजी पाच इंचांच्या कळ्या धरल्या, जास्तीचं आत दुमडून कच्ची टीप घातली. म्हणे आठव्यात या, पाच मिनिटांत सोडून देतो. १८० रुपये झाले. सासूबाईंनी कळ्या उलटसुलट करून बघितल्या, बाळाबद्दल काही बोलल्या नाहीत, शिवण सरळ आहे एवढंच म्हणाल्या.

आता एक काळी जीन्स आहे, तीही द्यायचीय. काकांकडे फक्त राखाडी रिब आहे. काळी, चांगली जाड, रंग न जाणारी कुठे मिळेल?

उसवण

विकत कशाला घेतेस? नवऱ्याचा जुना काळा टीशर्ट काप. चांगल्या कंपनीचा असेल तर होजियरी मस्त दुहेरी करता येते.

अबोली_कोथरूड

जुना नाहीये गं, दिवाळीतलाच आहे.

तिखटमीठ

मग विचारू नकोस, काप.