जि. प. शाळेचा पट घटला, पण कशामुळे? केस स्टडीत नेमकं काय तपासायचं?

बीएड_द्वितीय_वर्ष
पहिली ते चौथीच्या एका जिल्हा परिषद शाळेवर केस स्टडी लिहायची आहे. २०१६-१७ मध्ये पट (शाळेत नोंदलेली मुलं) ६८ होता, २०२४-२५ मध्ये ४१ आहे. तेव्हा तीन शिक्षक होते, आता दोन आहेत. सात किलोमीटरवर स्वयंअर्थसहाय्यित (सरकारी अनुदान नसलेली) इंग्रजी शाळा आहे आणि तिची बस गावात येते. «इंग्रजी माध्यमाच्या ओढीने पट घटला» असा निष्कर्ष मी कच्च्या मसुद्यात लिहिला, पण मार्गदर्शकांनी पुरावा मागितला आहे. मुख्याध्यापक सगळी दप्तरं दाखवायला तयार आहेत. कोणती बघू आणि कशी जुळवू? गावातून दिवाळीनंतर काही कुटुंबं ऊसतोडीला जातात, त्याचं काय करायचं?

खडू_फळा
एकूण पट हा आकडा बाजूला ठेवा. त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: गावात मुलंच कमी जन्मली, मुलं आहेत पण पहिलीलाच दुसरीकडे गेली, आणि मुलं इथे दाखल झाली पण मधूनच दाखला काढून गेली. तिन्हींची कारणं वेगळी, म्हणून आकडेही वेगळे हवेत.

पहिल्या गोष्टीसाठी दरवर्षीची दाखलपात्र, म्हणजे पहिलीत घालण्याच्या वयाच्या, मुलांची यादी मागा. पहिलीच्या प्रवेशाआधी शिक्षक घरोघर फिरून ती करतात. जुन्या वर्षांच्या याद्या सापडल्या नाहीत तर अंगणवाडी सेविकेच्या कुटुंब सर्वेक्षण नोंदवहीतून वयानुसार मुलं काढा. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीवर मात्र विसंबू नका. जन्म जिथे होतो तिथे त्याची नोंद होते. बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात किंवा आईच्या माहेरी झालं असेल तर ते मूल तुमच्या गावच्या वहीत नसतंच. या एका चुकीमुळे अख्खा हिशेब फसतो.

आता समजा, २०१६ ला गावात दाखलपात्र मुलं २१ होती आणि त्यातली १७ या शाळेत आली, म्हणजे ८१ टक्के. २०२४ ला दाखलपात्र १४, आली १०. प्रवेश ७ ने घटले. जुन्याच प्रमाणात मुलं आली असती तर १४ पैकी साधारण ११ आली असती. म्हणजे ७ पैकी जवळपास ६ ची घट मुलंच कमी असल्यामुळे, आणि फक्त एकाच्या आसपास दुसऱ्या शाळेमुळे. तुमचे आकडे असेच निघाले तर मसुद्यातला निष्कर्ष उलटतो. उलट दाखलपात्र मुलं २१ च्या २१ राहिली असतील तर तोच निष्कर्ष भक्कम होतो. एवढ्या लहान संख्यांमध्ये एक कुटुंब हललं तरी टक्केवारी उडते, तेव्हा तीन-तीन वर्षांची सरासरी घ्या. २०२०-२१ आणि २०२१-२२ ही वर्षं तुलनेचा पाया म्हणून धरू नका. त्या काळात शाळा बंद होत्या, आणि फी परवडेना म्हणून खासगीतून जि. प. कडे परतलेली मुलंही असू शकतात.

नोंदवही_तपासनीस
वरच्याला जोड म्हणून मधून गेलेल्यांबद्दल. जनरल रजिस्टर (प्रत्येक मुलाच्या प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची नोंद असलेली वही) घ्या आणि प्रत्येक पहिलीच्या तुकडीचा चार वर्षं माग काढा: किती आले, किती नवीन मिळाले, किती दाखला घेऊन गेले, चौथीतून किती बाहेर पडले. «शाळा सोडल्याचं कारण» या रकान्यावर वेळ घालवू नका, तिथे बहुधा «पालकांची विनंती» हेच शब्द असतात. त्यापेक्षा दाखल्याची तारीख बघा. जूनमधला दाखला बहुधा ठरवून बदललेल्या शाळेचा असतो. डिसेंबरमधला दाखला कुटुंबाच्या स्थलांतराचा किंवा वडिलांच्या बदलीचा असण्याची शक्यता जास्त.

एक सापळा आहे. शिक्षण हक्क कायद्यात पाचवी प्राथमिकमध्ये धरली आहे, पण बऱ्याच जि. प. शाळा चौथीलाच संपतात आणि पाचवी हायस्कूलला जोडलेली असते. तुलनेला शेजारची पाचवीपर्यंतची शाळा घेतलीत तर पट आपोआप वेगळा दिसेल. चौथीनंतर गेलेली मुलं गळती म्हणून मोजू नका.

शिक्षक तीनाचे दोन झाले, ही तुमच्या केसमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे असं मला वाटतं. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी ६० पटापर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४. म्हणजे ६१ वरून ६० झाले की एका मुलामुळे एक पद जातं, आणि दोन शिक्षकांकडे चार इयत्ता येतात. त्यातला एक प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की त्या दिवशी चारही इयत्ता एकाच माणसाकडे. म्हणून तारखांची एक पट्टी काढा: पट ६१ खाली केव्हा गेला, संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करण्याच्या प्रक्रियेत) पद केव्हा कमी झालं, शिक्षक प्रत्यक्ष केव्हा गेले, बस गावात केव्हापासून येते. पद आधी गेलं आणि दाखले नंतर वाढले, तर शिक्षक कमी होणं हे घटीचं कारणही आहे, नुसता परिणाम नव्हे. संचमान्यतेचे निकष १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने बदललेत, तेव्हा त्याआधीच्या वर्षांना जुने निकष लावा.

पालकसभा
पालकांच्या मुलाखतींबद्दल. «तुम्ही शाळा का बदलली?» असं थेट विचारलंत की सगळीकडून «इंग्रजीसाठी» हेच उत्तर येतं, कारण ते सभ्य उत्तर आहे. घडलेलं विचारा. कोणत्या महिन्यात ठरलं? त्याच सुमाराला शेजारचं कोणाचं मूल गेलं? थोरलं कुठे शिकतंय? घरातून पहिल्यांदा विषय कोणी काढला? मग वर्षाचा खर्च लिहून घ्या: फी, बस, गणवेश, वह्या-पुस्तकं, सहल. बसचा आकडा वेगळाच ठेवा. मूल शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागेवर असेल तर फी लागत नाही, पण बसचे पैसे घरूनच जातात. बसचा खर्च परवडेना म्हणून परत आलेली मुलं असतील तर तीही शोधा. अशा दोन मुलाखती दहा तक्रारींपेक्षा जास्त सांगतात.

गेलेल्यांइतकेच पालक राहिलेल्यांमधले घ्या. नुसत्या गेलेल्यांना विचारलं तर शाळेचे दोषच जमा होतात.

बीएड_द्वितीय_वर्ष
आभारी आहे. दाखलपात्र याद्या पाच वर्षांच्या आहेत, बाकी अंगणवाडीतून काढते. उपस्थिती पोषण आहाराच्या वहीशी ताडून बघितली तर चालेल का? आणि ऊसतोडीचं?

नोंदवही_तपासनीस
ताडून बघा, पण तिची मर्यादा ओळखून. प्राथमिकला दर मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ. सरासरी उपस्थिती ३७ आणि कामाचे दिवस २३, तर महिन्याला ८५.१ किलो. साठ्याच्या वहीत याच्या आसपास खर्च दिसायला हवा. मात्र आकडा तंतोतंत जुळला म्हणून उपस्थिती खरी ठरत नाही, कारण तांदळाची नोंद हजेरीवरूनच केलेली असते. खात्री हवी तर स्वतः डोकी मोजा: दोन सोमवार, दोन आठवडी बाजाराचे दिवस, दोन साधे दिवस, प्रत्येकी प्रार्थनेच्या वेळी आणि मधल्या सुट्टीनंतर.

ऊसतोडीचं तर फार जपून बघा. यू-डायसची (शाळांची माहिती दरवर्षी भरायच्या सरकारी प्रणालीची) संदर्भ तारीख ३० सप्टेंबर, आणि ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर निघतात. म्हणजे कागदावरचा पट बरोबर तेव्हाचा, जेव्हा सगळी मुलं गावात असतात. जानेवारीत पट ४१ आणि वर्गात ३० असं चित्र निघू शकतं, आणि हे नुकसान पट घटण्याच्या हिशेबात कुठेच दिसत नाही. त्याचा वेगळा विभाग करा. ऑगस्ट आणि जानेवारीची सरासरी उपस्थिती शेजारी मांडा, किती मुलांना शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेलं) दिलं, त्यातली किती मुलं साखर कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत प्रत्यक्ष बसली, किती आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिली, ते मुलागणिक लिहा. मार्च-एप्रिलमध्ये परतल्यावर कोणाला कोणता पाठ येत नाही हे वर्गशिक्षकांना विचारा.

खडू_फळा
मुलांची नावं आणि आधार क्रमांक तुमच्या वहीत उतरवू नका. जनरल रजिस्टरमधला क्रमांकही नको, स्वतःचे अनुक्रमांक द्या. शाळेला नुसतं «शाळा क» म्हटलं तरी बसचं अंतर, पट आणि कारखान्याचं वर्णन एकत्र आलं की तालुक्यातला कोणीही ओळखतो. म्हणून अंतर «५ ते १० किमी» असं लिहा. मुख्याध्यापकांची तोंडी परवानगी पुरत नाही. महाविद्यालयाच्या पत्रावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही घेऊन मगच दप्तर उघडा, आणि डोकी मोजायचे दिवस त्या पत्रात आधी लिहू नका.