मदत हवी आहे : इग्निशन कॉइलचं काम नीट करणारा मेकॅनिक, पुण्यात, शक्यतो सिंहगड रोड किंवा धायरी

गाडी ३ सिलिंडरची, पेट्रोल, प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल (प्लगला ठिणगीसाठी जास्त दाबाची वीज देणारा पार्ट). कात्रजचा घाट चढताना झटके बसतात आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. स्कॅनरवर पी०३०२ आला, म्हणजे २ नंबरचा सिलिंडर मिसफायर (त्यात पेट्रोल नीट जळत नाही). २ आणि ३ नंबरच्या कॉइलची अदलाबदल केल्यावर कोड पी०३०३ झाला. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच गेली. (कोड २ वरच राहिला असता तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन बघावं लागलं असतं.)

तरी एका गॅरेजने तिन्ही कॉइल, वायरिंग आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलायला सांगितलं. हे पटत नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. २ नंबरच्या प्लगच्या खड्ड्यात तेल साचलंय, तिथलं सील गळतंय. ते न बदलता नवी कॉइल बसवली तर तिचं रबर तेलाने फुगून तीही जाईल. शिवाय हेड ॲल्युमिनियमचं; प्लग थंड इंजिनवर, आधी हाताने आटे धरून, मग टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजणारा पाना) आवळणारा माणूस हवा.

नाना पेठेतून ओरिजिनल कॉइल मी आणून देईन. फक्त मजुरी घेणारा, आधी खर्च सांगणारा, जुना पार्ट हातात देणारा कोणी माहीत आहे का? मजुरी साधारण किती पडली तेही सांगा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा भाग) खराब करतं, म्हणून गाडी सध्या उभीच आहे. घरी येणारा असेल तर फारच बरं.